तीन दिवसांत नवी गाडी

गाडी रंगवायची असली की आमच्याकडचे लोक मला विचारायला येतात. उभी हयात रंगात गेली, तेव्हा याला कळत असेल, असा त्यांचा समज. हटकून विचारतात, "ते गावोगावी शाखा असलेलं दुकान आहे ना, अर्ध्या भावात करून देतात, तिथं टाकली तर चालेल का?" मी नाही म्हणतो. का म्हणून विचारलं की माझा आवाज चढतो आणि समोरचा माणूस बिचारा विषय बदलतो. त्याला वाटतं, म्हातारा तिरसट आहे. आहेच मी तिरसट. पण हे मी ऐकीव बोलत नाही. एकोणीसशे साठच्या दशकाच्या सुरुवातीला, भिलाईत, मी स्वतः तसल्या एका दुकानात चौदा महिने रंग फवारायची गन धरली होती. गिऱ्हाइकाला फसवणारा हात माझाच होता.

तिथं पोचलो कसा ते आधी सांगतो. आम्ही भंडाऱ्याकडचे, धानाच्या पट्ट्यातले. मोठा भाऊ आधी भिलाईला आला, पोलादाच्या कारखान्यात वेल्डर म्हणून लागला, कारखान्याच्या वसाहतीत सेक्टर ६ मध्ये त्याला क्वार्टर मिळालं. त्याच्या मागून मी आलो आणि एका ठेकेदाराकडे रंगारी झालो. कारखाना तेव्हा उभा राहत होता. गर्डर, पाइप, टाक्या, शिड्या, जिकडं पाहावं तिकडं उघडं लोखंड. आमचा मुकादम नागपूरचा एक म्हातारा होता. पहिले दोन महिने त्यानं मला रंगाचा ब्रश दिलाच नाही. तारेचा ब्रश आणि खरवडणी दिली. "घास," एवढंच म्हणायचा. लोखंड पांढरं दिसेपर्यंत घासायचं, मग शेंदरी प्राइमर, तो वाळला की दुसरा हात, मग रंग. अधूनमधून एक रशियन इंजिनिअर यायचा, खिशातला चाकू काढून मनाला येईल तिथं रंगावर फुली मारायचा आणि रंग उचकटतो का ते पाहायचा. उचकटला, तर तो सगळा गर्डर पुन्हा पहिल्यापासून. आम्ही त्याच्या तोंडावर, हसत हसत, मराठीतून त्याला शिव्या घालायचो. पण त्या दोन वर्षांत माझ्या हातांना कळलं की रंगाचं बरंचसं काम डबा उघडायच्या आधीच झालेलं असतं.

पहिल्या टप्प्याचं बांधकाम उरकलं, ठेकेदारानं माणसं कमी केली, त्यात मी गेलो. भावाच्या दोन खोल्यांत भाऊ, वहिनी, त्यांची तीन पोरं, मी आणि माझी बायको. वहिनी तोंडानं काही म्हणायची नाही, ताट मात्र जरा आपटून ठेवायची. बायको ते ताट उचलून माझ्यासमोर हळूच सरकवायची, ते मला जास्त लागायचं. भाऊ तोंडानंच म्हणायचा.

"काय बे, किती दिवस बसून राहशील? दुर्गच्या रस्त्यावर ते गाड्या रंगवायचं दुकान निघालं ना? तिथं जाऊन पाह्य."

"गाड्या मी कधी रंगवल्या नाई, भाऊ."

"लोखंडच हाय ना ते बी!"

गेलो. त्यांनी तिथल्या तिथं ठेवून घेतलं.

दुकानाचं नाव लिहीत नाही. मालक रायपूरचा होता. रायपूर, बिलासपूर, नागपूर आणि हे चौथं. चारही ठिकाणी एकसारखी निळी पाटी होती म्हणे: तीन दिवसांत नवी गाडी. मालक दर सोमवारी यायचा. इतर दिवशी मॅनेजरचं राज्य. हा मॅनेजर आधी एका बस कंपनीत तिकिटं तपासायचा. रंगातलं त्याला काही म्हणता काही कळत नव्हतं. घड्याळातलं कळत होतं.

पहिल्याच दिवशी एका ठेकेदाराची जीप आली. मी सवयीनं तारेचा ब्रश घेऊन खाली बसलो आणि दरवाजाची खालची कड घासायला लागलो. मॅनेजर धावत आला.

"ये क्या कर रहे हो?"

"गंज काढून राहिलो."

"यहाँ पुल नहीं रंगना है, भाई. शुक्रवार को गाड़ी जानी है."

तिथली रीत मला दोन दिवसांत कळली. गाडी मंगळवारी घ्यायची. सोड्याच्या पाण्यानं धुवायची. जुन्या रंगावर वरवर पाणी-पेपर, म्हणजे ओला घासकागद, फिरवायचा, तोही जिथं नजर जाते तिथंच. गंजलेलं भोक असेल तर पुट्टीनं बुजवायचं. दरवाजाच्या मुठी, दिव्यांच्या कड्या, काचेभोवतीचं रबर काहीच काढायचं नाही. जमलं तर त्यावर वर्तमानपत्र चिकटवायचं, नाही जमलं तर रबरासकट रंगवून टाकायचं. रंगाचे डबे रायपूरहून यायचे ते आधीच थिनर घालून पातळ केलेले. गिऱ्हाइकाला तीन हात सांगायचे, मारायचा एक. प्राइमरचं नाव फक्त पावतीवर असायचं. शेवटी मेण लावून कपड्यानं इतकं घासायचं की गाडीत तोंड दिसावं. शुक्रवारी गिऱ्हाईक यायचं, त्याचं तोंड गाडीत दिसायचं, ते खूश होऊन जायचं.

खरं तेही सांगतो. एखाद्याचं तेवढ्यानं भागतही होतं. जुन्या गाड्या विकणारा एक दलाल महिन्याला दोन-तीन गाड्या आणायचा. त्याला रंग पंधरा दिवस टिकला तरी पुरे होता, तोवर गाडी विकली जायची. तो आम्हाला कधी काही बोलला नाही. तेच आमचं शेवटपर्यंत समाधानी राहिलेलं एकमेव गिऱ्हाईक, आणि त्याच्याकडून ज्यांनी गाड्या घेतल्या त्यांचं काय झालं असेल ते मी तेव्हा मनात येऊ दिलं नाही.

पहिले आठ-दहा दिवस मी कुरकुर केली. मग बंद केली. पुढं तर माझा हात असा बसला की चारही दुकानांत सगळ्यात लवकर गाडी मीच काढतो, असं मालक म्हणाला आणि मला बरं वाटलं. हे लिहायला नको वाटतं, पण बरं वाटलं होतं. आम्ही तोवर खोली वेगळी केली होती आणि आमच्या घरात ताट आपटत नव्हतं.

वर्ष होत आलं असेल तेव्हा डॉक्टरीणबाई आल्या. दुर्गला त्यांचा स्वतःचा दवाखाना होता. अमरावतीकडच्या होत्या, चाळिशीच्या, एकट्या. बाळंतपणासाठी भिलाई-३ च्या रेल्वे क्वार्टरांपासून आतल्या गावांपर्यंत कुठंही स्वतः गाडी चालवत जायच्या. बाई गाडी चालवते म्हणून रस्त्यावर माणसं थांबून पाहायची, आणि त्या हॉर्न वाजवून त्यांना बाजूला करायच्या. गाडी लहानशी, काळी, फार जुनी. दरवाजांच्या खालच्या कडा आणि डावीकडचं पुढचं मडगार्ड गंजानं खाल्लेलं.

मॅनेजर त्यांना रंगांचे नमुने दाखवायला लागला. त्यांनी ते हातानं बाजूला सारले.

"रंग काळाच ठेवा. मुझे जंग निकालना है. पहले जंग, बाद में रंग. समझे?"

"जी, बिलकुल. पूरा निकालेंगे."

त्यांनी त्याच्याकडं नीट पाहिलं आणि मग माझ्याकडं वळल्या.

"तुम्ही मराठी दिसता. गाडी तुम्ही रंगवणार का?"

"हाव बाई."

"गंज काढाल ना? मला रोज चिखलातून जावं लागतं. वरून मलमपट्टी नको."

"काढतो ना बाई. पुरा काढतो."

हे मी बोललो. मॅनेजर मागं उभा होता म्हणून बोललो, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि किल्ली मॅनेजरकडं न देता माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी मी मडगार्डवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तर तो आरपार गेला. पत्रा उरलाच नव्हता, जुन्या रंगाची साल तेवढी उभी होती. तेवढा भाग कापून नवा पत्रा जोडणं याशिवाय दुसरा उपाय नव्हता. मी मॅनेजरला बोलावून भोक दाखवलं. त्यानं वाकून पाहिलं, घड्याळ पाहिलं.

"भर दो."

"भरून टिकत नाई साहेब. वेल्डिंग लागते."

"वेल्डिंग का बोर्ड लगा है क्या बाहर? भर दो."

मी भरलं. आतून वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, म्हणजे पुट्टीला टेकायला काहीतरी मिळतं, आणि वरून पुट्टी थापली. घासून इतकी गुळगुळीत केली की मला स्वतःलाच कड सापडेना. दरवाजांच्या खाली गंजावरच रंग मारला. शुक्रवारी बाई आल्या. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, त्या मडगार्डवरून तळहात फिरवला आणि हसल्या. मला म्हणाल्या, "छान केलंत हो." मी खाली पाहून चिंधी पिळत बसलो.

श्रावण संपता संपता त्या परत आल्या. सोमवार होता. मालक आलेला, खुर्चीवर बसून दोन नव्या गिऱ्हाइकांशी बोलत होता. बाईंनी गाडी थेट दुकानाच्या तोंडाशी आणून उभी केली, उतरल्या आणि कोणाशी काही न बोलता दरवाजाशी वाकल्या. खालच्या बाजूला रंगाला फोड आले होते. त्यांनी एका फोडात नख घातलं आणि ओढलं. वीतभर रंगाची पट्टी एकसंध निघून आली. खाली लाल गंज. ती पट्टी त्यांनी मालकाच्या टेबलावर ठेवली. मग मडगार्डपाशी गेल्या. पुट्टीचा अर्धा गोळा आधीच गळून पडला होता. भोकात हात घालून त्यांनी ओल्या वर्तमानपत्राचा बोळा बाहेर काढला, उलगडला आणि दोन्ही हातांनी गिऱ्हाइकांसमोर धरला.

"ये आपका लोहा है?"

मॅनेजर म्हणाला, "रास्ता खराब है, मैडम. बारिश में…"

"चूप."

मालक उठला. तो शांत होता, आणि त्याचा तो शांतपणा मला अजून आठवतो. त्यानं बोट माझ्याकडं केलं. "इसने किया है. हमारी तरफ से सब सामान दिया था. आदमी गलत निकला."

चौदा महिने त्याच्या पातळ रंगानं, त्याच्या सांगण्यावरून गाड्या काढल्या होत्या. मी मॅनेजरकडं पाहिलं. तो पावतीपुस्तकाची पानं चाळायला लागला. बाई माझ्याकडं वळल्या.

"तुम्ही मला पुरा काढतो म्हणाला होतात."

तेव्हा मी माफी मागायला हवी होती. मला राग आला. राग मालकावरचा होता, पण निघाला त्यांच्यावर.

"बाई, या भावात एवढंच होते. बाकीचे दुकानवाले दुप्पट कावून घेतात, उगाच? तुमालेही समजाले पाह्यजे होतं ना!"

त्या जवळ आल्या. आवाज चढवला नाही.

"भाव तुमच्या मालकानं सांगितला होता. शब्द तुम्ही दिलात."

मालक मध्ये पडला, गाडी पुन्हा फुकट करून देतो म्हणाला. बाई म्हणाल्या, "या दुकानातला एकही हात माझ्या गाडीला लागता कामा नये." गाडीत बसल्या आणि गेल्या. दोन्ही नवी गिऱ्हाइकंही गेली. मालकानं मला त्याच जागेवर काढून टाकलं. माझी खरवडणी त्यानं दुकानाची म्हणून ठेवून घ्यायला पाहिली. ती मुकादमानं दिलेली होती. मी ती त्याच्या हातातून हिसकावून घेतली आणि जे तोंडात आलं ते बोललो. तेही मराठीतच, पण या वेळी हसत नव्हतो.

आठवडाभर घरी बसलो. बायकोनं तिसऱ्या दिवशी सगळं विचारून घेतलं. शेवटी म्हणाली, "मालक खोटा हाय, ते खरं. पण तिले उलटं कावून बोललास?"

मी सायकल काढून दुर्गला दवाखान्यात गेलो. बायकांच्या रांगेत बाकावर बसलो. माझा नंबर आला तशा बाई दारात आल्या.

"काय होतंय?"

"मले काई नाई होत. गाडीसाठी…"

"मग उठा. बाक पेशंटसाठी आहे."

बायका माझ्याकडं पाहत होत्या. मी उठलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो आणि बाहेर फाटकाशी उभा राहिलो. त्या दिवशी त्या अगदी माझ्या शेजारून गाडी घेऊन निघून गेल्या. तिसऱ्यांदा गेलो तो खरवडणी, तारेचा ब्रश आणि शेंदरी प्राइमरचा डबा सायकलला बांधून. बाईंनी ते सामान पाहिलं.

"पोलिसात जाईन म्हणून भ्यालात का?"

"नाई बाई. तुमी जा पोलिसात. पण एक दरवाजा करून दाखवू द्या. नाई पटला तर मी परत येत नाई."

त्या म्हणाल्या, "मागच्या अंगणात करा. दवाखान्यात धूळ आली तर हाकलून देईन."

त्या एका दरवाजाला मला चार दिवस लागले. मुठी काढल्या, रबर काढलं, लोखंड उघडं होईपर्यंत घासलं. बाई येता-जाता उभ्या राहायच्या. कौतुकानं नव्हे, मी काही लपवत तर नाही ना हे बघायला. एकदा प्राइमर लावायच्या आधीच वाकून कडेवर बोट फिरवलं आणि बोट मला दाखवलं. लाल होतं. "हे काय?" मी ती कड पुन्हा घासली. मला त्यांचा इतका राग आला की दात आवळले, पण गंज होता, हे खरं होतं.

दरवाजा पाहून त्यांनी "बाकीची करा" एवढंच सांगितलं. मडगार्ड सोडवून मी सायकलवर बांधून सेक्टर ६ ला नेलं. भाऊ सुटीच्या दिवशी सुपेला बाजारातल्या एका वेल्डरच्या टपरीत बसून सगळा वेळ करवादत राहिला. "नोकरी गेली, आन हा तिच्या गाडीचं मडगार्ड डोक्यावर घेऊन फिरून राहिला!" पण त्यानं कापलेला पत्रा असा जोडला की हातोडीनं ठोकला तरी सांधा हलला नाही. रंगाला माझ्याकडं गन नव्हती. ब्रशनंच दिला, प्रत्येक हात वाळू दिला, पाणी-पेपरनं घासला, पुन्हा दिला. तीन आठवडे गेले. दुकानातल्यासारखी चकाकी आली नाही. उजेडात जवळून पाहिलं तर कुठं कुठं ब्रशच्या रेषा दिसायच्या.

शेवटच्या दिवशी बाईंनी नखानं चार ठिकाणी खरवडून पाहिलं. काही निघालं नाही. त्यांनी पैशांचं पाकीट पुढं केलं. मी नको म्हणालो.

"घ्या. फुकट केलंत तर उद्या सगळीकडं सांगत फिराल की मी त्या बाईवर उपकार केला."

"तसा मी नाई बाई."

"तुम्ही कसे आहात ते मी पाहिलंय."

मी पाकीट घेतलं. आभार दोघांपैकी कोणीच मानले नाहीत. त्यांनी मला पाणीही विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी घेतलंही नसतं.

दुकान बुडालं, असं मला सांगायला आवडलं असतं. बुडालं नाही. पुढच्याच वर्षी त्यानं राजनांदगावला पाचवी शाखा काढली आणि माझ्या जागी दोन माणसं ठेवली. कारखान्याचा विस्तार निघाला तसा मी देखभालीच्या रंग विभागात कायम झालो, सेक्टर १० मध्ये क्वार्टर मिळालं. कामावर जाताना कधी त्या रस्त्यानं गेलो तर शुक्रवारच्या चकचकीत गाड्या रांगेत उभ्या दिसायच्या आणि मी रस्त्यावर थुंकायचो. बायको म्हणायची, लोक पाहतात. पाहू दे म्हणायचो.

बाई मला त्यानंतर एकदाच भेटल्या. तीन-चार वर्षांनी असेल. भिलाई-३ चं रेल्वे फाटक पडलं होतं, मालगाडी संपता संपत नव्हती. माझी सायकल ज्या काळ्या गाडीशेजारी उभी राहिली ती त्यांची होती. माझी नजर आधी मडगार्डवर गेली, मग दरवाजाच्या खालच्या कडेवर. चिखल होता, फोड नव्हते. वर पाहिलं तर त्या माझ्याकडंच बघत होत्या. काच अर्धी उघडी होती.

"कुठं असता आता?"

"प्लांटात, बाई. रंगावरच."

"तिथं कोणी गंज काढा म्हटलं तर काढता का?"

मी हाव म्हणायला तोंड उघडलं तोवर मालगाडीचा शेवटचा डबा गेला, फाटक वर झालं, मागचा ट्रक हॉर्न मारायला लागला. बाईंनी काच वर केली आणि गाडी पुढं काढली. मी सायकल ढकलत रूळ ओलांडले आणि कामावर गेलो. त्या दिवशी एका पाण्याच्या टाकीची शिडी खरवडायची होती.